तान्हे बाळ, अडीच वर्षांचा दादा आणि एकच आई

या महिन्यात सोलापूर शहरातून आलेली बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. घरात तान्हे बाळ आले आहे आणि त्याच्या आधीचे मूल अजून स्वतःच लहान आहे, अशा घरांतील ही पत्रे आहेत. त्यांतील पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मला अडीच वर्षांचा मुलगा असून मुलगी पाच आठवड्यांची आहे. बाळंतपणासाठी मी माहेरी बार्शीला होते, आता जुळे सोलापुरात सासरी आले आहे. बाळ येईपर्यंत मुलगा अगदी समजूतदार होता. आता तो बाळाला चापट मारतो, तिच्या झोळीत मलाच झोपव म्हणतो, शी-शू सांगण्याची लागलेली सवय मोडली आहे आणि तिला पाजायला घेतले की 'मला पण' म्हणून पदर ओढतो. सासूबाई म्हणतात, तो हट्टी झाला आहे, त्याला दोन महिने मामाकडे ठेवावे. मी काय करावे?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : त्याला मामाकडे पाठवू नका, हे आधी स्पष्ट सांगते. तुमच्या सासूबाईंचा हेतू चांगलाच आहे. ओल्या बाळंतिणीला चार दिवस स्वस्थता मिळावी, असेच त्यांना वाटत असणार. पण दोन महिने म्हणजे किती, हे अडीच वर्षांच्या मुलाला कळत नाही. बाळ घरात आले आणि आपल्याला घरातून जावे लागले, एवढेच त्याला कळेल, आणि आज जो राग चापटीवाटे बाहेर पडतो आहे तो परत येईपर्यंत त्याच्या मनात घर करून बसेल.

तुम्ही लिहिलेली सर्व लक्षणे या वयात, या प्रसंगी नेहमी दिसणारी आहेत. धाकटे भावंड आल्यावर मोठे मूल काही काळ मागे जाते. सुटलेली दुपटी पुन्हा लागतात, बोबडे बोलणे परत येते, कडेवरून उतरायचे नाव निघत नाही. हे मूल मुद्दाम करत नाही आणि याला हट्ट म्हणणेही बरोबर नाही. गेल्या काही महिन्यांत त्याच्या वाट्याला काय आले ते पाहा. घर बदलले, मग आई काही दिवस दवाखान्यात दिसेनाशी झाली, मग पुन्हा घर बदलले, आणि या सगळ्यानंतर आईच्या मांडीवर दुसरेच कोणी आहे. पाच आठवड्यांचे बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पिते. एकेका वेळेला वीस-पंचवीस मिनिटे धरली आणि ढेकर काढणे, दुपटे बदलणे त्यात मिळवले, तर दिवसाचे पाच-सहा तास तरी तुमचे दोन्ही हात बाळाकडे गुंतलेले असतात, आणि त्यातला बराचसा काळ तो मुलगा समोर उभा राहून पाहत असतो.

आपल्याकडे अशा वेळी घरची माणसे मदत करतात ती बहुधा एकाच पद्धतीने. बाळ आणि बाळंतीण एका खोलीत, आणि मोठ्या मुलाला कोणीतरी बाहेर घेऊन जायचे. आजोबा त्याला दुकानात नेतात, काका गाडीवरून फिरवून आणतात, आत्या मोबाईल हातात देते. सगळे मनापासून करतात, परंतु त्या मुलाच्या दृष्टीने पाहिले तर दिवसभर प्रत्येक जण त्याला आईपासून दूर नेत असतो. माझे आग्रहाचे सांगणे असे, की ही मदत उलटी फिरवा. पाजणे सोडले, तर पाच आठवड्यांच्या बाळाचे जवळजवळ प्रत्येक काम दुसऱ्याच्या हातून होऊ शकते. ढेकर काढण्यासाठी खांद्यावर घेणे, दुपटे बदलणे, आंघोळ घालणे, झोके देणे, रडू लागले तर घेऊन येरझाऱ्या घालणे हे आजी करू शकते, बाबा करू शकतात, आणि पोट भरलेले असेल तर बाळाचीही त्याला हरकत नसते. अडीच वर्षांच्या मुलाला मात्र आज आजी नको आहे आणि बाबाही नको आहेत. त्याला तुम्हीच हव्या आहात. म्हणून घरच्यांनी बाळ घ्यावे आणि आई त्याला द्यावी.

रोज एक ठरलेली वेळ त्याची असू द्या. पंधरा-वीस मिनिटे पुरतात, पण ती रोज मिळाली पाहिजेत आणि केव्हा मिळणार हे त्याला ओळखता आले पाहिजे. त्याला घड्याळ कळत नाही, म्हणून ती वेळ घरातल्या एखाद्या घडामोडीला जोडा, उदाहरणार्थ, आजीने देवापुढे दिवा लावला की आपण दोघांनी गच्चीवर जायचे. जाताना बाळ सासूबाईंच्या मांडीवर आणि फोन घरात राहू द्या. काय खेळायचे ते त्याने ठरवावे; तो वीस मिनिटे तुमच्या मांडीवर नुसता लोळला तरी ती वेळ वाया गेली असे समजू नका.

दिवसातला सर्वांत कठीण भाग पाजण्याचा आहे, तेव्हा त्याची वेगळी तयारी ठेवा. एक जुना डबा घ्या आणि त्यात दोन वाट्या, एक लाकडी चमचा, दोन-तीन झाकणे, रंगीत कापडाचे तुकडे, जाड पानांचे एखादे चित्रांचे पुस्तक अशा वस्तू ठेवा. मणी, बटणे, नाणी आणि घड्याळातले चपटे सेल त्यात चुकूनही नकोत. हा डबा फक्त बाळ दूध पिताना उघडायचा आणि पाजणे संपले की वर ठेवून द्यायचा. तुम्ही भिंतीला टेकून बसलात तर एका बाजूला बाळ आणि दुसऱ्या बाजूला तो, असे तिघे बसू शकता, आणि तुमचे हात गुंतलेले असले तरी तोंड मोकळे असते. चिमणी-कावळ्याची गोष्ट पाजता पाजता चांगली सांगता येते.

'मला पण' म्हणतो, तेव्हा त्याला हिडीसफिडीस करू नका. एकदा चव घेऊ दिली तर काहीही बिघडत नाही. दूध सुटून महिने झालेली बरीच मुले एकदा जीभ लावतात आणि निघून जातात, कारण त्यांना दुधापेक्षा आपल्याला मज्जाव नाही याची खात्री हवी असते. तुम्हाला ते नको वाटत असेल, तर 'दूध बाळाचे, कुशी तुझी' म्हणून जवळ घ्या. मुलगा अजून अंगावर पीत असता, तरी दोघांना पाजायला हरकत नव्हती. फक्त आधी बाळाला पोटभर आणि मग मोठ्याला, एवढा क्रम पाळावा लागतो.

मारण्याच्या बाबतीत मात्र सैल राहू नका. हात उगारला की तो हलकेच पण घट्ट धरा, 'मारायचं नाही, बाळाला दुखतं' एवढेच सांगा आणि त्याचा हात धरून बाळाच्या पावलावरून फिरवा. लांबलचक समजावणी या वयात डोक्यावरून जाते आणि उलट चापट मारली तर मारणे चालते असा धडा मिळतो. दोघांना एका खोलीत एकटे सोडून पाणी आणायलासुद्धा जाऊ नका. तो वाईट आहे म्हणून हे सांगत नाही. प्रेमाने मारलेली मिठी किती घट्ट झाली हे त्याला कळत नाही आणि बाळाची टाळू अजून भरलेली नाही. शी-शूचे शिक्षण महिना-दीड महिना बाजूला ठेवा, गरज पडेल तर दुपटी बांधा, आणि त्याबद्दल पाहुण्यांसमोर एक शब्दही काढू नका.

अजून एक. दिवसभरात किती नकार आपण बाळाच्या नावावर देतो, याकडे लक्ष ठेवा. 'बाळ झोपलंय, ओरडू नको', 'बाळ पितंय, थांब', 'बाळासाठी आणलंय, हात लावू नको' असे सारखे ऐकणाऱ्या मुलाला ते बाळ आवडावे तरी कसे? त्याऐवजी 'माझे हात गुंतलेत, हे झालं की येते' असे म्हणा, आणि कधी कधी त्याला ऐकू जाईल असे बाळाला सांगा, 'थांब गं जरा, मी दादाची चप्पल घालून देतेय.' बाळाला काही समजणार नाही, परंतु दादाचा चेहरा पाहण्यासारखा होईल. बाळंतविडा घेऊन येणाऱ्या आप्तांनाही दारातच सांगून ठेवा, की आधी दादाची चौकशी करा आणि बाळ दाखवण्याचे काम त्यालाच सांगा.

हे सगळे काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत निवळते. तो जेवेनासा झाला, येत असलेले शब्द बोलेनासा झाला किंवा रात्रीमागून रात्री दचकून उठू लागला, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : माझ्या सुनेला दुसरे बाळ होऊन दोन महिने झाले. मोठी नात तीन वर्षांची आहे. सोलापूरचा एप्रिल-मे कसा असतो हे आपण जाणता. आमचे घर पत्र्याचे. दुपारी बाळाचे ओठ सुकतात, पण सून चमचाभर पाणीही देऊ देत नाही, दवाखान्यात सांगितले आहे म्हणते. बाळगुटी, काजळ, धुरी, कानात तेल हेही तिने बंद केले. मी चार मुले याच रीतीने वाढवली. आमचे सगळेच चुकीचे होते का?
— एक आजी, साखर पेठ

उत्तर : आजी, सगळे चुकीचे मुळीच नव्हते. बाळंतिणीला घरकामातून सोडवणे, तिला शेकणे, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू करून घालणे, बाळाला हलक्या हाताने तेल लावणे हे आपल्या पिढीने केले म्हणून कितीतरी आया सावरल्या. आज अनेक घरांत हे करणारे कोणीच नसते. पण ज्या चार-पाच गोष्टींना सून नको म्हणते आहे, त्यांच्या बाबतीत तिचे बरोबर आहे, आणि त्यामागची कारणे आपल्याला कोणी नीट सांगितली नसावीत असे पत्रावरून वाटते.

पाण्याचे आधी घेऊ. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते, आणि दूध सुरू होताना जे येते ते अधिक पातळ असते. म्हणून तहान लागलेले बाळ थोडे थोडे, पण वारंवार पिते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला वरचे पाणी लागत नाही, मग बाहेर पारा ४० अंशांच्या वर का जाईना. दोन महिन्यांच्या बाळाचे पोट लहान असते. त्यात पाणी गेले की तेवढे दूध कमी जाते, त्याची मूत्रपिंडे अजून कोवळी असतात, आणि साठवणीच्या पाण्यातून जुलाब होण्याची भीती वेगळीच. ओठ सुकलेले दिसले तर बाळाला छातीशी लावायला सांगा. दिवसात सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, ती फिकट असेल आणि वजन वाढत असेल, तर बाळाला पाणी पुरते आहे असे निश्चिंत समजा. लघवी फार कमी झाली, टाळू खोल गेलेली दिसली, बाळ मलूल होऊन दूध ओढेनासे झाले, तर घरी उपाय न करता दवाखाना गाठावा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल, तर सकाळची वाट पाहू नये.

पाणी खरे लागते ते सुनेला. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे अशी जुनी समजूत काही घरांत अजून आहे, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ती फार घातक आहे. ती पाजायला बसली की तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवावा. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या चुकू नयेत म्हणून आपणच आठवण करावी. तीन वर्षांच्या नातीला ताक, पन्हे, लिंबाचे सरबत खुशाल द्यावे. शेंगदाणे मात्र तिला अख्खे देऊ नयेत. आपल्याकडे घरोघरी शेंगा हाताशी असतात आणि अख्खा दाणा घशात किंवा श्वासनलिकेत अडकण्याचा धोका चार-पाच वर्षांपर्यंत राहतो. कूट करून, भाकरीबरोबर कमी तिखटाची चटणी करून द्यावे.

बाळगुटीतील मुळ्या उगाळण्याची सहाण आणि त्यासाठी वापरलेले पाणी यांतून जंतू जातात, आणि कोणती मुळी किती वेढे उगाळली यावर कसलाही अंकुश राहत नाही. गुटीत मध घालण्याची पद्धत असेल तर ती पहिल्यांदा सोडावी. एक वर्षाच्या आत मधातून बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, ज्यात बाळाचे स्नायू लुळे पडतात. काजळात शिसे असू शकते आणि बोट लावताना डोळ्यांत जंतू जातात. दृष्ट लागू नये हीच भावना असेल, तर तळपायाला लहानशी तीट लावल्याने ती पुरी होते. कानात आणि नाकात तेल घालू नये. नाकातले तेल फुप्फुसात उतरू शकते. धुरी ओव्याची असो की वावडिंगाची, अखेर तो धूर आहे, आणि पत्र्याच्या बंद खोलीत तो बाळाच्या छातीत जातो.

उष्म्यासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. पत्र्याला वरून पांढरा रंग किंवा चुना दिला तर आत तापमान कमी राहते. दाराला जुन्या चादरीचा ओला पडदा लावावा, पंखा चालू ठेवावा, बाळाला एकच पातळ सुती झबले घालावे आणि टोपरे, कुंची, पायमोजे पावसाळ्यापर्यंत पेटीत ठेवावेत. दुपारी ओल्या मऊ पंचाने अंग पुसून घेतले तरी बाळ शांत झोपते.

आणि आजी, आपल्या हातांना अजून एक मोठे काम आहे, ते सुनेला एकटीला जमणार नाही. बाळ पिऊन झाले की त्याला आपल्याकडे घ्या आणि सुनेला सांगा, 'जा, आता थोरलीची वेणी घालायला बस.'

प्रश्न : मी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतो; घरी यायला रात्रीचे बारा वाजतात. मोठा मुलगा दोन वर्षांचा, बाळ सात आठवड्यांचे. आई-वडील गावी असतात, घरी आम्ही चौघेच. पत्नी पूर्वी बोलकी होती. आता गप्प असते, बाळ झोपले तरी तिला झोप लागत नाही, कारण नसताना रडते, माझ्याने हे होणार नाही म्हणते. शेजारी म्हणतात, बाळंतपणात असे होतेच. मी काय करू?
— एक वडील, सोलापूर

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे पहिल्या दोन आठवड्यांपुरते खरे आहे. बाळंतपणानंतर शरीरातील संप्रेरके झपाट्याने बदलतात, जागरणे होतात आणि अनेक स्त्रियांना त्या दिवसांत उगाच रडू येते; ते आपोआप थांबते. सात आठवडे झाले तरी झोप न लागणे, बोलणे बंद होणे आणि स्वतःबद्दल असे निराशेने बोलणे हे मात्र बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे लक्षण असू शकते. तो आजार आहे आणि तो उपचाराने बरा होतो. त्यात तिचा दोष नाही, तुमचाही नाही. दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या माणसाची सकाळ मोकळी असते, तेव्हा याच आठवड्यात एका सकाळी तिला घेऊन डॉक्टरांकडे जा. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. प्रसूती केलेल्या डॉक्टरांकडे आधी गेलात तरी चालेल. पाजणाऱ्या आईला घेता येतील अशी औषधे असतात, म्हणून बाळाला अंगावर पाजत असल्याचे तेथे सांगा. त्याआधी बोलावेसे वाटले तर टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालू असतो. तिला विचित्र भास होऊ लागले, ती असंबद्ध बोलू लागली किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचे विचार तिने बोलून दाखवले, तर तिला क्षणभरही एकटी न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

आता घरातले. तिला सलग चार-पाच तास झोप मिळणे हे अर्धे औषध आहे. तुम्ही बाराला येता, तेव्हा बाळाला एकदा पाजून तिने झोपावे आणि पुढच्या वेळेपर्यंत बाळ तुमच्याजवळ असावे. रडले तर आधी तुम्ही उठा, दुपटे बदला, खांद्यावर घेऊन पाहा, आणि खरोखर भुकेले असेल तेव्हाच तिला उठवा. दूध पिऊन झाले की ते परत तुमच्याकडे. बरेच वडील मोठ्या मुलाला सांभाळतात आणि आपले काम झाले असे मानतात. मोठ्याची आंघोळ आणि न्याहारी तुम्ही जरूर करा, पण सकाळी अर्धा तास बाळही तुमच्या मांडीवर असू द्या, म्हणजे त्या दोन वर्षांच्या मुलाला त्याची आई मिळेल आणि तिलाही रडणाऱ्या बाळाखेरीज कोणीतरी हसून बिलगेल.

पाणी भरणे पूर्णपणे तुमच्याकडे घ्या. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे घरोघरी पिंपे, टाक्या, बादल्या भरून ठेवाव्या लागतात. टाके पडलेल्या किंवा सात आठवड्यांच्या बाळंतिणीने भरलेल्या घागरी उचलू नयेत, हे तर झालेच. दोन वर्षांच्या मुलाच्या घरात भरलेली उघडी बादली हा त्याहून मोठा धोका आहे. या वयात डोके शरीराच्या मानाने जड असते. मूल वाकून आत पडले तर त्याला उलटून वर येता येत नाही आणि हातभर पाण्यातही बुडते, तेही आवाज न करता. पिंपांना घट्ट झाकणे बसवा, ती नसतील तर फळी टाकून वर दगड ठेवा, न्हाणीघराला बाहेरून कडी लावा आणि वापर झाला की टब पालथा घाला. साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यू पसरवणारा डास अंडी घालतो, तेव्हा आठवड्यातून एकदा प्रत्येक पिंप रिकामे करून कडा घासून कोरडे करा. हा डास दिवसा चावतो, म्हणून बाळाची मच्छरदाणी दुपारच्या झोपेतही हवी.

तुमच्या किंवा तिच्या आईला महिनाभर बोलावता आले तर संकोच करू नका. दोन लहान मुले आणि एकटी आई हे काम एका माणसाचे नाहीच.

प्रश्न : मी विडी घरकुलात राहते, घरी बसून विड्या वळते. शेजारच्या मुलीकडून हे पत्र लिहून घेत आहे. मोठा दीड वर्षाचा, मुलगी तीन महिन्यांची. एकच खोली आहे. मुलगी झोळीत, सूप माझ्या मांडीवर, आणि मोठा येऊन तंबाखूत हात घालतो. काम बंद करता येत नाही. काय काळजी घेऊ?
— एक विडी कामगार

उत्तर : काम बंद करा, असे मी सांगणार नाही, हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर ज्या घराची चूल चालते त्याला तो सल्ला उपयोगाचा नाही. पण दीड वर्षाच्या मुलाने थोडीशी तंबाखू गिळली तरी विषबाधा होते, हे पक्के लक्षात ठेवा. तंबाखू फिरकीच्या झाकणाच्या डब्यात उंच फळीवर ठेवा, सुपात एका वेळी थोडीच घ्या आणि मध्ये उठावे लागले तर सूप खाली न ठेवता वर ठेवून उठा. मुलगा जागा असताना पाने भिजवणे, कापणे ही कामे करा, मात्र कात्री त्याच्या हाती लागू देऊ नका, आणि तंबाखू भरण्याचे काम तो झोपल्यावर घ्या. त्याच्या तोंडात गेलीच, तर तोंड बोटाने पुसून काढा, उलटी करवू नका आणि लगेच रुग्णालयात न्या. गाडीसाठी १०८ वर फोन करा.

तंबाखूची धूळ तुमच्या हातांवर, पदरावर आणि केसांत बसते आणि मुलगी तुमच्याच छातीशी असते. काम करताना साडीवर जुना सदरा घाला, डोक्याला फडके बांधा, पाजायच्या आधी तो सदरा काढून हात कोपरापर्यंत साबणाने धुवा. काम दाराजवळ किंवा बाहेर ओट्यावर करा आणि झोळी खोलीच्या आतल्या बाजूला टांगा. झोळी मोठ्याला हलवू देऊ नका. त्याच्या ओढण्याने गाठ सुटते किंवा बाळ एका कडेला घसरते. बाळाची हनुवटी छातीला टेकत नाही ना आणि कापड तोंडावर आलेले नाही ना, हे सारखे पाहत राहा. रात्री तिला जमिनीवर सपाट अंथरुणात, पाठीवर झोपवा. अंगावर जाड सोलापुरी चादर नको.

दुसरे अपत्य मुलगी असेल तर प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र मातांना ६,००० रुपये मिळतात. आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेकडे लगेच चौकशी करा. मुलगा दीड वर्षाचा आहे, तेव्हा अंगणवाडीतून त्याचा घरी न्यायचा आहारही मिळायला हवा, आणि १६ ते २४ महिन्यांतल्या त्याच्या लसी राहिल्या नाहीत ना, तेही त्याच फेरीत पाहून घ्या.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. दुसरे बाळ जूनच्या अखेरीस अपेक्षित आहे, त्यानंतर २६ आठवड्यांची रजा मिळेल. मोठी मुलगी तीन वर्षांची होत आहे आणि तिची बालवाडी जूनच्या मध्यावर सुरू होते. आताच घालावे की थांबावे?
— एक वाचक, विजापूर रस्ता

उत्तर : बाळ येणे आणि शाळा सुरू होणे या दोन गोष्टी एकाच पंधरवड्यात नकोत. आपल्याला बाळामुळे शाळेत घातले, असे तिला वाटेल आणि दोन्हींचा राग ती करील. थांबायला वाव असेल तर दिवाळीच्या सुट्टीनंतर घाला. तोवर बाळ चार महिन्यांचे होईल, तुम्हीही सावरलेल्या असाल आणि तुमची रजा अजून शिल्लक असेल. शाळा प्रवेश लांबवत नसेल, तर मेमध्येच तिला दोन-तीनदा ती जागा दाखवून आणा, जूनमध्ये पहिल्या दिवसापासून बाबांनी सोडायचे अशी सवय लावा आणि बाळ आल्यावर चार-आठ दिवस ती नको म्हणाली तर घरी राहू द्या. सुरू झालेली शाळा मात्र बाळ आले म्हणून बंद करू नका. ओळखीची बाई आणि ओळखीचा डबा यांचा तिला त्या दिवसांत आधार वाटेल. दवाखान्यातून घरी आल्यावर चालवेल तेव्हा, निदान आठवड्यातून एकदा, तिला आणायला शाळेच्या दारात तुम्ही स्वतः उभ्या राहा, आणि त्या वेळी बाळ घरी आजीजवळ राहू द्या.